पैसे घेऊन रील करताय? मग आधी स्वतःला लगाम घाला, तो असा

फॉलोअर दहा हजारांच्या पुढे गेले, की इनबॉक्समध्ये एक नवीन माणूस उगवतो. नावापुढे 'इन्फ्लुएन्सर मार्केटिंग' असं लिहिलेलं असतं आणि पहिलंच वाक्य असतं 'हाय डिअर'. मी पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं या 'हाय डिअर'ला उत्तर देण्याआधी करायचं आहे. नंतर करायला गेलात तर जमत नाही, कारण तोवर रकमेचा आकडा डोळ्यांपुढे आलेला असतो.

मी लालबागला राहते. कढया, तवे, मिक्सर, मसाले यांवर मराठीत व्हिडिओ करते आणि घरखर्चाचा बराच भाग त्यातून निघतो. त्यामुळे 'जाहिराती घेऊच नका' असलं काही मी सांगणार नाही. जाहिराती घ्या. फक्त कुठली घ्यायची, कशी करायची आणि कुठली सोडायची, याचा निर्णय आपल्या चांगुलपणावर सोडू नका. चांगुलपणा मे महिन्यात असतो तितकाच दिवाळीच्या तोंडावरही असतो. पण मेमध्ये त्याला कोणी पैसे देऊ करत नाही.

हे इतकं अवघड का जातं

साखळी बघा. कंपनी एजन्सीला पैसे देते, एजन्सी स्वतःचा वाटा काढून उरलेले तुम्हाला देते. कधी मध्ये आणखी एक छोटी एजन्सी असते, म्हणजे आणखी एक वाटा. रील चाललं की ॲपचाही फायदा. तुम्ही 'नाही' म्हणालात तर यातल्या एकाचंही भलं होत नाही. भलं होतं चिपळूणच्या त्या मावशीचं, जी तुमचं बघून अडीच हजारांची कढई मागवणार होती. पण मावशीने तुम्हाला कधी एक रुपया दिलेला नाही, ती तुम्हाला ईमेल करत नाही आणि तिची कढई काळी पडली तर ती तुम्हाला शिव्या न घालता नशिबाला घालते.

शिवाय तुम्ही सोडलेलं काम वाया जात नाही. ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणीतरी घेतलेलं असतं. मावशी कढई घेतेच, तुमचे पैसे मात्र गेलेले असतात. 'मग मीच का नको?' हा प्रश्न इथूनच सुरू होतो. त्याला तत्त्वज्ञानाचं उत्तर शोधत बसू नका, तो प्रश्न विचारायची वेळच येणार नाही अशी व्यवस्था करा.

नियम काय आहेत आणि कुठे थांबतात

अ‍ॅस्की, म्हणजे भारतीय जाहिरात मानक परिषद, ही आपल्या मुंबईतच १९८५ मध्ये सुरू झालेली संस्था. ती सरकारी नाही. जाहिरात धंद्याने स्वतःच स्वतःवर नजर ठेवायला काढलेली आहे. आपल्यासारख्यांसाठी तिने खास नियम केले ते २०२१ मध्ये, १४ जूनपासून लागू. पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, नातं, नोकरी, काहीही देणंघेणं असेल तर ते ठळकपणे सांगा, हा त्यांचा गाभा.

अ‍ॅस्की तक्रार ऐकते, जाहिरात बदला किंवा काढा म्हणते, न ऐकणाऱ्यांची नावं जाहीर करते. दंड करायचा अधिकार तिच्याकडे नाही. टीव्हीच्या बाबतीत तिच्या संहितेला केबल टीव्हीच्या नियमांचा आधार मिळाला, २००६ पासून. रीलसाठी तसा आधार नाही. तिथे सगळं लाजेवर चालतं, आणि ज्याला लाज नाही त्याचं काय करायचं हे कुठलीच संहिता सांगू शकत नाही.

सरकारी बाजूला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचं. त्याला दात आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जाहिरात करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय एक वर्षापर्यंत, आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत जाहिरात करायला बंदी. जून २०२२ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली, जानेवारी २०२३ मध्ये खास आपल्या जमातीसाठी सोप्या भाषेतली पुस्तिका आली. त्याच कायद्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे: दाव्याची खातरजमा आपण आधी नीट केली असेल, तर हा दंड आणि ही बंदी लागत नाही. म्हणून खातरजमेचे कागद जपून ठेवा. ईमेल, लॅब रिपोर्ट, वापरतानाचे फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये, सौद्याच्या नावाने.

पण रोज देशभर जितकी रीलं पडतात त्यांतलं तुमचंच कोणी उघडून बघेल, असं नाही. पकडले जाण्याच्या भीतीवर तुमचा लगाम उभा असेल तर तो सैलच राहणार.

पहिलं काम: 'कधीच नाही'ची यादी

ही यादी हातात एकही ऑफर नसेल त्या दिवशी करा. कागदावर, पेनाने. फोनमध्ये केलेली यादी बदलायला दोन सेकंद लागतात.

सुरुवात कायद्याने आधीच बंद केलेल्या गोष्टींपासून करा. त्यांची संख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. 'शुगर बरी करणारी' पावडर, वजन उतरवणारा काढा, उंची वाढवणारं चूर्ण: मधुमेह, लठ्ठपणा, उंची हे तिन्ही विषय १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्याच्या यादीत आहेत. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे ही पावडरवाली मंडळी सगळ्यात आधी येतात, कारण आपला प्रेक्षक चाळिशीपुढचा. बाळाचं दूध, दुधाची बाटली, दोन वर्षांखालच्या बाळाचं डब्यातलं खाणं: यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद आहे. नवीन आया झालेल्या मुली या ऑफरला हमखास भुलतात. कायदा आहे हेच माहीत नसतं, आणि समोरचा सांगत नाही.

शेअरच्या टिप्स देणाऱ्या ॲप्सचं काम आलं, तर बीकेसीत सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, ऑफिस आहे एवढं आठवा. नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी ब्रोकरसारख्या नोंदणीकृत संस्थांनी संबंध ठेवायचे नाहीत, असा नियम तिने २०२४ मध्ये आणला. रमी, तीन पत्ती, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम: ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हल्ली फ्लॅट दाखवायची कामंही येतात. बदलापूर, विरार, पनवेलकडचे. बिल्डर गाडी पाठवतो, सॅम्पल फ्लॅटमध्ये आरसे लावून खोली मोठी केलेली असते आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे अंतर कुठल्या वाहनाने मोजलं ते कोणी सांगत नाही. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही जाहिरातीत असावा लागतो. तो रीलमध्ये टाकू देत नसतील तर विषय संपला. टाकू देत असतील तरी मी घेत नाही. कढई फसली तर अडीच हजार जातात. फ्लॅट फसला तर मावशीच्या मुलाचं पुढचं वीस वर्षांचं कर्ज फसतं. हा माझा नियम, कायद्याचा नाही. तुमच्या यादीत असे दोन-तीन तरी तुमचे स्वतःचे नियम हवेत. ज्यांनी तुमचं खरंच नुकसान होतं असे. नुसती कायद्याने बंद केलेल्या गोष्टींची यादी म्हणजे सिग्नल पाळतो म्हणून स्वतःची पाठ थोपटण्यासारखं आहे.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: रक्कम आणि वस्तू वेगळ्या करा

माझी नणंद फोर्टला एका ऑफिसात हिशेब बघते. तिला रीलमध्ये काडीचा रस नाही, आणि म्हणूनच ती या कामाला बरी. ऑफर आली की मी तिला वस्तू सांगते, कंपनी सांगते, कंपनीला माझ्याकडून काय वदवून घ्यायचं आहे ते सांगते. रक्कम सांगत नाही. तिनेच हे ठरवलं: "वहिनी, किती देतायत ते मला सांगूच नका. आकडा ऐकला की मीपण तुमच्यासारखीच कारणं शोधायला लागेन."

ती तीन प्रश्न विचारते. ही वस्तू तुम्ही स्वतःच्या पैशाने घ्याल का? ते जे बोलायला सांगतायत त्यातलं काय काय तुम्हाला स्वतःला माहीत आहे? आणि आईला द्याल का? तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याच गोष्टी गळतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि त्यांना खराब तवा देऊन त्याच घरात राहायचं म्हणजे काय ते ज्याला माहीत त्याला माहीत.

तिचं 'नाही' आलं तर मी त्यावर वाद घालू शकते, पण त्याच दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी घालायचा. एजन्सीला घाई असते. 'डिअर, आज संध्याकाळपर्यंत कन्फर्म करा, क्लायंटचं बजेट लॉक होतंय.' बजेट लॉक वगैरे काही होत नसतं, आणि खरंच झालं तर झालं.

घरात असं माणूस नसेल तर मैत्रीण, जुन्या शिक्षिका, कोणीही चालेल. अट दोनच: तुमच्या कमाईत तिचा वाटा नको, आणि तिला तुमच्या क्षेत्रात यायचं नसावं. नवऱ्याला हे काम देऊ नका. घराचा हप्ता त्यालाही भरायचा असतो.

वस्तू तपासायची कशी

करार करण्याआधी वस्तू मागवा. 'आधी करार, मग वस्तू' म्हणणारी कंपनी असेल, तर वस्तू पसंत न पडल्यास काम न करण्याची मोकळीक करारात लिहून घ्या.

मसाल्याचं उदाहरण देते, कारण ते माझ्या घराखालचं आहे. एका कंपनीचा निरोप आला: मालवणी मसाला, 'आजीच्या पद्धतीने डंकावर कुटलेला', हे वाक्य रीलमध्ये दोनदा हवं. आता लालबागमध्ये राहून डंक, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, कळत नाही असं कसं होईल? मार्च ते मे आमच्या गल्लीत तोच आवाज असतो. बायका बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची वेगवेगळी तोलून घेतात, उन्हात वाळवतात, घरी खडा मसाला भाजतात आणि डंकासमोर नंबर लावून बसतात. कुटताना समोर उभं राहायचं असतं, नाहीतर तुमच्यात दुसऱ्याचा मसाला मिसळतो. डंकाचा मसाला बोटांत घेतला तर किंचित भरड लागतो आणि बोटाला तेल सुटतं.

पाकीट आलं. उघडलं, ताटलीत काढलं, चमच्याच्या पाठीने पसरलं. एकसारखी बारीक पूड, पीठ चाळल्यासारखी. वास ठीक, रंग जरा जास्तच लाल. सासूबाईंनी चिमूट तळव्यावर चोळली आणि म्हणाल्या, "हा चक्कीतून आलाय." मी कंपनीला लिहिलं: डंकाचा एक छोटा व्हिडिओ पाठवा, मला रीलमध्ये लावायचा आहे. व्हिडिओ आला नाही. फोन आला. 'डंकावर कुटलेला ही ब्रँड स्टोरी आहे मॅडम, लिटरल नाही.'

मसाला वाईट नव्हता. मी त्यात सुकट केली, घरच्यांनी खाल्ली. 'डंकावर' हे शब्द काढून, 'तयार मालवणी मसाला, चव अशी, तिखटपणा इतका' असं रील करायला मी तयार होते. त्यांना ते नको होतं. हा फरक ध्यानात ठेवा. पुष्कळदा वस्तू ठीक असते, वाक्य खोटं असतं. अशा वेळी वस्तू नाकारायची गरज नाही, वाक्य नाकारा आणि चेंडू त्यांच्याकडे टोलवा.

खाण्याच्या पाकिटावरचा एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक त्यांच्या फॉसकॉस या साइटवर टाकून बघा: नाव तेच आहे का, परवाना चालू आहे का. दोन मिनिटांचं काम. 'क्लिनिकली प्रूव्हन', 'लॅब टेस्टेड' म्हणाले तर रिपोर्ट मागा, आणि रिपोर्ट याच वस्तूचा आहे की त्यातल्या एखाद्या घटकाचा, ते बघा. बहुतेक वेळा घटकाचा असतो. नॉनस्टिकवर शूटिंग करणार असाल तर स्टायलिस्ट आधी तेलाचा हात फिरवतात, मग 'बिनतेलाचं' धिरडं सुटतं. ज्या तव्यावर तपासलं त्याच तव्यावर, त्याच पद्धतीने शूट करा. भांड्याची चकाकी वाढवणारे फिल्टरही बंद ठेवा, कारण वस्तूचा परिणाम फुगवून दाखवणारा फिल्टर अ‍ॅस्कीलाही चालत नाही.

फुकट वस्तूंचं वेगळंच लचांड असतं. आमच्या घराला माळा एकच, त्यामुळे माझा हिशेब सोपा: जे माळ्यावर गेलं ते मानधन. प्राप्तिकर खात्याचंही जवळपास हेच म्हणणं आहे. जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांच्या वरच्या अशा लाभावर १० टक्के कर कापायची पद्धत आली, आणि त्या वेळच्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं की काम झाल्यावर वस्तू परत केली तर तो लाभ धरायचा नाही, ठेवून घेतली तर धरायचा. मी महागडी वस्तू परत करते. परतीचं कुरियर कोण देणार ते आधीच ठरवा, नाहीतर मिक्सरचा खोका महिनाभर दारात लाथा खातो.

लेबल, सेकंदांत

'जाहिरात' हे लेबल सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळेच ते लपवतात. कॅप्शनच्या तळाशी, वीस हॅशटॅगांच्या गर्दीत, पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत. अ‍ॅस्कीचं मोजमाप असं: १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद दिसावं, १५ सेकंदांच्या पुढे, पण २ मिनिटांच्या आत, तर व्हिडिओच्या एक-तृतीयांश वेळ, २ मिनिटं किंवा जास्त असेल तर वस्तूचा विषय चालू आहे तोपर्यंत सगळा वेळ. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलला १५ सेकंद, दीड मिनिटाच्या रीलला ३० सेकंद. लाइव्ह असेल तर सुरुवातीला आणि शेवटी तोंडाने सांगायचं.

पण माझं सांगणं याहून पुढे जातं. लेबल व्हिडिओच्या चित्रातच टाका, कॅप्शनवर किंवा इन्स्टाग्रामच्या 'पेड पार्टनरशिप' पट्टीवर भिस्त ठेवू नका. यूट्यूबची पट्टीही सुरुवातीचे १० सेकंद दिसते आणि जाते. आपल्या माणसांपर्यंत रील कसं पोचतं? कोणीतरी डाउनलोड करून 'माहेरवाशिणी' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं. तिथे कॅप्शन नसतं, पट्टी नसते. उरतो फक्त तुमचा चेहरा आणि 'मी हाच वापरते' हे वाक्य. कंपनीने तुमचं रील उचलून स्वतःची जाहिरात म्हणून चालवलं तरी हेच होतं. चित्रात भाजलेलं लेबल मात्र सगळीकडे सोबत जातं. रील मराठीत, तर लेबलही मराठीत. मी डाव्या वरच्या कोपऱ्यात, गडद पट्टीवर 'जाहिरात, पैसे घेऊन' असं लिहिते आणि अख्खं रीलभर ठेवते. मोजायची भानगडच नको.

एजन्सी म्हणेल, लेबलने व्ह्यूज पडतात. असेल. त्याला माझं ठरलेलं उत्तर असतं, हवं तर जसंच्या तसं वापरा: 'लेबल दरात धरलेलं आहे. बिनलेबलचा दर माझ्याकडे नाही.' वाद घालू नका, फक्त हेच पुन्हा पाठवा.

करारात या ओळी घाला

वकील परवडत नसेल तर ईमेलमध्ये साध्या मराठीत लिहा आणि 'मान्य' असं उत्तर मागा. कंपनीने किंमत, माप, घटक यांच्या चुका दुरुस्त कराव्यात. माझं मत बदलायला सांगू नये. न आवडलेली एक तरी गोष्ट मी रीलमध्ये सांगेन. वाईट कमेंट मी उडवणार नाही. रील ठरलेल्या मुदतीआधी काढायला लावलं तरी पैसे पूर्ण. वस्तूबद्दल पुढे काही गंभीर कळलं तर पिन केलेल्या कमेंटमध्ये मी ते सांगेन.

यातली 'न आवडलेली गोष्ट सांगेन' ही ओळ सगळ्यात जास्त कामं घालवते. गंमत म्हणजे जी टिकतात ती पुन्हा पुन्हा येतात, कारण 'झाकण जरा घट्ट बसतं' म्हटल्यावर उरलेल्या कौतुकावर लोकांचा विश्वास बसतो आणि कढया विकल्या जातात. पण याच्या भरवशावर राहू नका. प्रामाणिकपणा धंद्याला फायद्याचा असतो असं भाषणात ऐकायला बरं वाटतं. कधी असतो, कधी सरळ तोट्याचा असतो, आणि तोट्याच्या महिन्यातही नियम तोच ठेवायचा असतो.

अ‍ॅफिलिएट लिंकमधून कमिशन मिळत असेल तर तेही सांगायचं. मैत्रिणीच्या फराळाच्या धंद्याचं फुकट कौतुक करत असाल तर 'माझी मैत्रीण आहे' हे सांगायचं. पुढे.

सगळ्यांनी मिळून शपथ घ्यावी का?

घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. घर-स्वयंपाकवाल्या आम्हा काही जणींचा ग्रुप आहे. पैशांच्या गेमवर बंदी यायच्या आधीची गोष्ट: असली ॲप्स कोणीच घ्यायची नाहीत, असं आमचं ठरलं होतं. आयपीएलच्या दिवसांत दर वाढला आणि एजन्सीने प्रत्येकीला एकच गोष्ट सांगितली, 'तुमच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनी होकार दिलाय.' धादांत खोटं. पण एकमेकींना विचारणार कोण? विचारलं तर संशय घेतल्यासारखं होतं. एकीने घेतलं. तिच्या मुलाची फी भरायची होती. तिला ग्रुपमधून काढायचा विषयही कोणी काढला नाही, कारण ती आमची मैत्रीण होती. ज्या नियमाची शिक्षा करायला आपल्यालाच जड जातं, त्याचं असंच होतं.

अख्ख्या गेमिंग धंद्यातही मोठ्या प्रमाणावर हेच घडलं. अ‍ॅस्कीने डिसेंबर २०२० पासून 'या खेळात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकतं' अशी सूचना घालायला लावली. जाहिरातीच्या शेवटी ती कुठल्या वेगाने म्हटली जायची ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. एप्रिल २०२३ च्या आयटी नियमांत या धंद्याच्या स्वनियमन संस्थांना सरकारी मान्यता द्यायची सोय झाली. एकाही संस्थेला ती मिळाली नाही. मग संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये सरसकट बंदीच आणली. वाण्यानेच स्वतःचा तराजू तपासायचा म्हटलं, की शेवटी वैधमापनवाला दारात येतो, आणि तो आला की प्रामाणिक वाण्याचंही दुकान काही काळ बंद राहतं.

आमच्या ग्रुपने शपथेऐवजी आता एक साधी गोष्ट धरली आहे, ती तुम्हीही करून बघा. ऑफर आली की ग्रुपवर टाकायची: वस्तू, एजन्सी आणि त्यांनी घातलेली वाईटात वाईट अट. रक्कम नाही. घ्यायचं की सोडायचं, ते जिचं तिने ठरवावं. एवढ्याने 'बाकीच्यांनी होकार दिलाय' हे वाक्य मेलं, कारण ते लगेच पडताळता येतं. आणि एखादीने काही घेतलं तर ती उघडपणे घेते, चोरून नाही. उघडपणे घ्यायचं म्हटलं की लेबलही नीट लागतं, हे मी पाहिलं आहे. यापेक्षा कडक काही चालवायला कोणाला तरी पोलीस व्हावं लागेल, आणि ते व्हायला कोणी तयार नाही. मीही नाही.

यादी कधी बदलायची

वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, आर्थिक वर्षाचा हिशेब बंद झाल्यावर. मधल्या काळात यादीत भर घालता येते, यादीतून काही वगळता येत नाही. वगळायचं असेल तर नणंद समोर हवी आणि कारण यादीच्याच कागदावर लिहायचं. मागच्या वर्षांची कारणं वाचताना फार मजा येते. 'लोकांना खरंच गरज आहे' हे कारण आलं की समजायचं, त्या आठवड्यात पैशांची ओढ होती.

या वेळी आमच्यासमोर एक नवीन प्रश्न आहे. दोन कंपन्यांच्या करारात एक ओळ आली: माझा चेहरा आणि आवाज वापरून एआयने आणखी जाहिराती बनवायचा हक्क. मी न चाखलेल्या लोणच्याबद्दल माझाच आवाज 'एकदम घरच्यासारखं' म्हणणार. अ‍ॅस्कीच्या नियमांत आभासी, म्हणजे संगणकाने बनवलेल्या, इन्फ्लुएन्सरने 'मी खरी व्यक्ती नाही' हे सांगायचं असतं. पण इथे व्यक्ती खरी, चाखणं खोटं. मी सरळ नकार लिहिला होता. नणंद म्हणते, नुसता नकार लिहू नका. 'माझ्या आवाजातलं प्रत्येक वाक्य मी स्वतः बोललेलं असेल, आणि ज्या वस्तूबद्दल आहे ती मी वापरलेली असेल' असं लिहा, म्हणजे उद्या या तंत्राचं नाव बदललं तरी ओळ लागू राहील. सध्या मी तिचीच ओळ पाठवते आहे. एका कंपनीने मान्य केली, दुसरीचं उत्तर यायचं आहे.